उंबऱ्यापर्यंतचा रॅम्प

बसवंत बिराजदार सेंट्रिंगचं काम करायचा. स्लॅब ओतण्याआधी खाली बल्ल्या उभ्या करायच्या, त्यांवर लोखंडी प्लेटा अंथरायच्या आणि काँक्रीट पक्कं झालं की सगळं अलगद काढून घ्यायचं, हे त्याचं काम. औशात, लातुरात, कधी पार अहमदपूरपर्यंत त्याने घरांवर छतं चढवली. हाताखालच्या माणसांना तो सांगायचा, "स्लॅब आपणहून पडत न्हाई. बल्ली काढायची घाई करणारा पाडतो."

स्वतः मात्र तो स्लॅबखाली झोपत नसे.

औसा तालुक्यातल्या त्याच्या गावाला सगळे नवं गाव म्हणतात. जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. नवं सरकारने आखून दिलं, सरळ रस्त्यांचं, सारख्या घरांचं. घरं मजबूत आहेत. तरी पहिली काही वर्षं निम्मं गाव अंगणातच झोपायचं. मग हळूहळू माणसं आत गेली, कुणी पावसाला कंटाळून, कुणी घरात सून आली म्हणून. बसवंत गेला नाही. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हशीच्या पलीकडे त्याची बाज होती. लग्नानंतरही तो रात्री तिकडेच जायचा. त्याची बायको राजकन्या यावरून कधी चिडायची, कधी हसायची.

"साऱ्या जगाला छत घालून द्यायलाव, अन् सोताच्या घरात यायला काय होतंय?"

"छताखाली काय असतंय ते मला ठावं हाय म्हणूनच," तो म्हणायचा.

त्याला ते ठाऊक होतं अण्णारावामुळे. अण्णाराव त्याचा चुलता. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले होते. हातांवर भार देत तो घरभर सरकायचा आणि दिवसभर दारात बसून दोर वळायचा. बसवंतला दोर वळायला त्यानेच शिकवलं. भूकंपाच्या रात्री बसवंत बारा वर्षांचा होता. गणपती विसर्जन करून आलेली पोरं मंडपातच झोपली होती, त्यांत तोही होता. आई पंचफुलाबाई बाळंतपणासाठी अहमदपूरकडे माहेरी होती, वडील शेतावर राखणीला. घरात एकटा अण्णाराव.

पहाटे जमीन हलली आणि जुन्या गावातली दगडमातीची घरं जाड माळवदांसकट खाली बसली. धुळीत, अंधारात अदमासानेच बसवंत आपल्या दारापर्यंत पोहोचला. अण्णाराव सरकत सरकत दारापर्यंत आलेला होता. त्याचे दोन्ही हात उंबऱ्यावरून बाहेर होते, बाकीचा माणूस मातीखाली. तो बोलत होता. "बस्वा, हाताला धर," म्हणाला. बसवंतने ओढून पाहिलं. मोठी माणसं आपापल्या ढिगाऱ्यावर होती, कुणाला हाक मारावी तर सगळेच हाका मारत होते. उजाडल्यावर अण्णाराव म्हणाला, "आता ओढू नको. नुसता धर." ऊन वर येईपर्यंत बसवंत धरून होता. पुढे पकड एकाच बाजूची राहिली, बसवंतची.

पंचफुलाबाई धाकट्याला, बालाजीला, घेऊन परतली तेव्हा ढिगाऱ्यातून काढण्यासारखं फार उरलं नव्हतं. चौकटीच्या उभ्या फळ्या मोडल्या होत्या, पण सागवानी उंबरा अखंड होता. तिने तो विकू दिला नाही, जाळू दिला नाही. नवं घर मिळालं तेव्हा दारातला सिमेंटचा पट्टा फोडून तो जुना उंबरा बसवून घेतला. नव्या दाराला तो बोजड होता, वितीपेक्षा उंच. वडील पुढे काही वर्षांनी वारले, बालाजी मोठा झाला, राजकन्या सून होऊन आली. तिला सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्याच्यावर पाय देऊ नको. अण्णा हाय तिथं." रोज हळदकुंकू, अमावस्येला पणती. घरातलं माणूस बाहेर पडताना वाकून उंबऱ्याला हात लावतं, तो कपाळाला नेतं, मगच ओलांडतं. ही रीत पुष्कळ घरांत असते. या घरात तिला एक नाव होतं.

दोन वर्षांपूर्वी लातुरात एका बांधकामावर ओली फळी सरकली आणि बसवंत दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. मणका मोडला, कमरेखालचं शरीर गेलं. ऑपरेशन लातुरातच झालं. नंतर त्याला नांदेडच्या एका ट्रस्टच्या रिहॅब सेंटरमध्ये हलवलं. तिथे तो हातांच्या जोरावर पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसायला शिकला. त्वचेला काही कळत नसल्यामुळे पाठीमागे आरसा धरून रोज जखम पाहायला शिकला. सेंट्रिंगवाल्याचे खांदे होते, त्यामुळे इतरांहून लवकर शिकला. पण पहिल्या आठवड्यातच त्याने खाट बदलून मागितली. खिडकीजवळची, पंख्याखालची खाट सोडून त्याला दारालगतची हवी होती, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो.

वॉर्डातला मदतनीस रामकिशन त्याला चिडवायचा. "कामून हो बिराजदार, दारालाच कामून? बिल बुडवून पळायचा इचार हाय काय?"

"पळता आलं असतं तर बिल देऊन पळालो असतो गड्या."

डॉक्टरांना त्याने चालता येईल का, असं फारसं विचारलं नाही. एकदाच विचारलं, ते वेगळंच होतं. आपण एकटे, कुणी न उठवता, पलंगावरून दाराबाहेर जाऊ शकू का? डॉक्टर म्हणाले, घर बरोबर असेल तर का नाही. बसवंतने ते वाक्य लक्षात ठेवलं.

घर बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचं काम विशाखा सोनसळेकडे होतं. ती सेंटरची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नांदेडच्या तरोडा भागात वाढलेली, वडील साहेबराव रेल्वेतून निवृत्त झालेले. पूर्वी रुग्णाला घरी सोडण्याआधी ती स्वतः घर पाहायला जायची. रुग्ण किनवटचे, देगलूरचे, उदगीरचे. एका घराला एक दिवस जायचा, आणि दिवस कमी पडायचे. आता हे काम फोनवर होतं. सेंटर रुग्णाच्या घरच्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून देतं. घरातल्या कुणीतरी फोन धरून अंगणापासून मोरीपर्यंत हळूहळू चालायचं. कॅमेऱ्याला जे दिसतं त्यावरून ॲप घराचा नकाशा काढतं. दार किती रुंद, पायरी किती उंच, पलंग कुठे मावेल, व्हीलचेअर कुठे वळेल. मग विशाखा व्हिडिओ कॉलवर शंका विचारते आणि साहित्य ठरवते.

या कामातली मेख तिला ठाऊक होती. लोक घर दाखवण्याआधी झाडून घेतात. वाटेतली पिंपं, पोती, सायकल हलवतात, पाहुणे येणार असल्यासारखं घर मांडतात. तिला तर पसाराच पाहायचा असतो. म्हणून ती आधीच बजावायची, काही आवरू नका. तरी लोक आवरायचेच.

बिराजदारांच्या घराचं चित्रण राजकन्येने केलं. हात स्थिर होता, चालही सावकाश. शेड, म्हैस, अंगण, जोत्याच्या पायऱ्या, सगळं नीट आलं. दारापाशी मात्र चित्र एकदम वर गेलं. पत्र्याची कड आणि मोकळं आभाळ दिसलं, मग पुन्हा घरातली फरशी. विशाखाने परत करायला सांगितलं. पुन्हा तेच. तिला वाटलं, बाई अडखळतेय. राजकन्या अडखळत नव्हती. दारात आल्यावर ती सवयीने वाकत होती, एक हात उंबऱ्याला आणि मग कपाळाला, आणि तेवढ्यात फोन धरलेला दुसरा हात आभाळाकडे जात होता. उंबऱ्याला कॅमेरा दाखवायचा नाही, असं तिने ठरवलेलं नव्हतं. आपण काही करतो आहोत, हेच तिच्या ध्यानात नव्हतं.

विशाखाच्या घरी ही रीत नाही. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अशा रीती घराबाहेर गेल्या. शेजारच्या घरांत तिने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण त्या क्षणी फोन कुठे जात असेल, हे तिला सुचलं नाही. कॉलवर तिने विचारलं, "दारात उंबरा आहे का?"

"हाय की. घराला उंबरा असतोच की म्याडम."

"किती उंच आहे? टेप लावून सांगता?"

मागून एका म्हातारीचा आवाज आला. "उंबऱ्याला टेप लावायचा न्हाई."

राजकन्येने मागे वळून पाहिलं. "थोडासाच हाय," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी बोटांनी माप दाखवलं असावं.

विशाखाने 'लहान' असं नोंदवलं. ॲपचाही काही आक्षेप नव्हता. जिथे त्याला दिसलं नव्हतं तिथे त्याने सपाट फरशी धरली होती. नकाशात अंगणापासून मोरीपर्यंत एकसंध, अडथळा नसलेली वाट होती.

नकाशा छापून विशाखाने बसवंतला दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. नकाशे वाचायची त्याला सवय होती. दाराच्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, "हितं काय न्हाई?"

"थोडासा उंबरा आहे म्हणाल्या घरच्या. चाक जाईल त्यावरून."

त्याने बोट उचललं आणि नकाशा परत दिला. नंतर विशाखाला हे पुष्कळदा आठवलं. पण तेव्हा तिला वाटलं, त्याला पटलं.

साहित्य ठरलं. व्हीलचेअर, हाताने डोकं वर करता येणारा पलंग, मोरीतली कमोड खुर्ची. आणि सगळ्यांत महत्त्वाची हवेची गादी. तिच्यातले कप्पे पंपाने आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही, कातडी कुजत नाही. अशा गाद्या सेंटरकडे मोजक्याच. ज्या घरात पक्की खोली आणि विजेची सोय आहे तिथेच त्या दिल्या जातात. शेडमध्ये उंदीर नळ्या कुरतडतात, हे दोनतीन घरांत झालं होतं. गादी वापरात नाही असं दिसलं तर ती पुढच्या रुग्णाकडे जाते. हे राजकन्येला स्पष्ट सांगितलं होतं.

बसवंत घरी आला. बालाजीने जोत्याला सिमेंटचा रॅम्प करून ठेवला होता. तो दारापर्यंत छान चढत होता आणि उंबऱ्याला टेकून संपत होता. तिथून पुढे बालाजी आणि राजकन्या मिळून व्हीलचेअर उचलायचे, माणसासकट. उचलून पलीकडे ठेवायचे. उंबऱ्यावरून चाक कुणीच नेलं नाही. बसवंतनेही नेऊ दिलं नसतं.

दिवसा हे जमत होतं. बालाजीचं पंक्चरचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच, हाक मारली की यायचा. प्रश्न होता निजानीज झाल्यानंतरचा. आयुष्यात पहिल्यांदाच बसवंत त्या घरात छताखाली झोपत होता. उशाशी पंप घरघरत होता, पायथ्याच्या बाजूला दार होतं आणि दारात उंबरा.

या भागात जमिनीतून अधूनमधून आवाज येतात. दरवेळी धक्का बसतोच असं नाही. दूर कुठेतरी ट्रक उलटल्यासारखा एक दणका येतो, भांडी थरथरतात आणि थांबतं. पेपरात दोन ओळी येतात. बसवंतला घरी येऊन थोडेच दिवस झाले असताना संध्याकाळी तसा आवाज झाला. सगळं गाव अंगणात आलं. राजकन्या चुलीपाशी होती, तीही सासूचा हात धरून बाहेर आली आणि मग एकदम मागे फिरली. बसवंत पलंगावर नव्हता. तो जमिनीवर होता, दारात. कोपरांवर सरकत आलेला. दोन्ही हात उंबऱ्यावरून बाहेर टाकलेले, छाती लाकडाला अडलेली.

पंचफुलाबाईने अंगणातून ते पाहिलं आणि खाली बसली.

नंतर बालाजीने त्याला समजवायचा प्रयत्न केला. बालाजी भूकंपानंतरचा. त्याला त्यातलं काहीच आठवत नाही, आणि रोज त्याबद्दल ऐकावं लागतं.

"दादा, नुसता आवाज झालता. घर हाललं बी न्हाई."

"मी कुठं म्हणतो हाललं."

"मग?"

"त्यो दारात हाय बालाजी. म्या आत पडलो की म्हणतो, हाताला धर. पहिलं मी भाईर होतो, त्यो आत. आता कोण कुठं हाय तेच कळंना."

बालाजीने बोलणं बदललं.

त्यानंतर बसवंत रोज घरचे झोपेपर्यंत वाट पाहायचा आणि पलंगावरून स्वतःला खाली सोडायचा. कोपरांवर दारापर्यंत, मग छाती उंबऱ्यावर ओढून घ्यायची, मग पोट, मग मागचे निर्जीव पाय हातांनी उचलून एकेक पलीकडे टाकायचे. सकाळी तो अंगणात नाहीतर रॅम्पवर सापडायचा. काही आठवडे असं चालल्यावर घरच्यांनीच शेडमध्ये जुनी बाज मांडून दिली आणि अंधार पडला की त्याला तिकडे ठेवू लागले. निदान मातीत तरी नको. हवेची गादी घरात, चादर घालून, जशीच्या तशी. पंप बंद. गादी काढून नेतील म्हणून सेंटरला कुणी काही कळवलं नाही.

दर आठवड्याला विशाखाचा कॉल यायचा. त्याआधी बसवंतला पलंगावर आणून बसवायचे.

"कोपरं कशाने सोलली?"

"चाक फिरवताना लागतंय म्याडम," राजकन्या सांगायची.

"पाठ दाखवा."

माकडहाडाशी एक लाल डाग होता. पुढच्या कॉलला तो उघडला होता. त्याच्या पुढच्या कॉलला त्यात बोटाचं पेर जाईल इतकी खोली होती. विशाखाने सेंटरच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत गेली तर हा माणूस आपल्या हाती राहणार नाही. परत ॲडमिट करा. पण घरी जाऊन पुन्हा हेच होणार असेल तर त्याचाही उपयोग नाही, आणि गादी अडकून पडलीय ती वेगळीच.

विशाखाने आधीच्या कॉलचे जपून ठेवलेले व्हिडिओ एकामागून एक लावून पाहिले. कुठेच पंपाचा आवाज नव्हता. चादरीला सुरकुती नव्हती. मालक गावाला गेलाय अशा घरातल्या पलंगासारखा तो पलंग दिसत होता. आणि दर व्हिडिओत बसवंत कॅमेऱ्याकडे न पाहता फोनच्या मागे, एकाच ठिकाणी पाहत होता. नकाशावर तिने ती दिशा काढली. तिथे सपाट फरशीखेरीज काही नव्हतं.

तिने कळवलं नाही. सकाळच्या एसटीने निघाली. अहमदपूर, लातूर, औसा आणि पुढे वडाप जीप. अंगणात उभी राहिली तेव्हा राजकन्या शेण काढत होती. तिच्या हातातली पाटी तशीच राहिली.

"म्याडम, तुमी... फोन तरी करायचा."

"फोनवर दिसत नाही ना," विशाखा म्हणाली.

बसवंत शेडमध्ये बाजेवर होता. त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. "न्या गादी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या कामी यील."

विशाखा रॅम्प चढली आणि दारात थांबली. उंबरा तिच्या नडगीला लागला. काळपट, जाड, वरच्या कडेला हळदकुंकवाचा थर. आतल्या बाजूला मात्र मधोमध एक पट्टा घासून गुळगुळीत, उजळ झालेला. त्याच्याशी कुठे कुठे वाळलेल्या रक्ताचे ठिपके. ती वाकली तशी आतून पंचफुलाबाई म्हणाली, "पाय देऊ नका बाई."

"नाही देत."

उंबरा ओलांडून ती आत गेली आणि तिने एक गोष्ट केली, जी तिला सेंटरमध्ये सुचली नव्हती. कोपऱ्यातली व्हीलचेअर ओढली, पलंगाशी लावली, तीत बसली आणि फोन मांडीवर उभा धरून घर पुन्हा मोजायला सुरुवात केली. या वेळी उलट्या बाजूने, पलंगापासून बाहेर. पहिला नकाशा घरात येणाऱ्या माणसाचा होता. दारापाशी पुढची चाकं लाकडाला लागली आणि खुर्ची थांबली. तिने जोर लावला. खुर्ची मागे सरली. समोर रॅम्प होता, उतार बरोबर काढलेला, तिनेच सांगितलेला, आणि तिथपर्यंत जाता येत नव्हतं.

शेडमधून बसवंत पाहत होता. "कळलं?" त्याने तिथूनच विचारलं.

"तुम्ही सांगायचं होतं. नकाशा दाखवला तेव्हा."

"काय सांगू? माझ्या चुलत्यावरनं चाक न्या म्हणू?"

मग पंचफुलाबाईने सगळं सांगितलं. सांगताना ती उंबऱ्याजवळच बसली होती, एक हात लाकडावर ठेवून. अण्णाराव, दोर, माती. विशाखा व्हीलचेअरमध्येच बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आजी, दोन्ही बाजूंनी लाकडी उतार लावता येतो. उंबऱ्याला धक्का लागत नाही. पलंग थोडा वळवावा लागेल."

"अन् चाक?"

"वरून जाईल."

"त्याच्या छातीवरनं."

बालाजी दुकानातून आला होता. तो दारात बाहेरच्या बाजूला उभा होता. "माय, लाकूड हाय ते," तो म्हणाला. "माणूस कवाच गेला. हितं जित्ता माणूस सडायलाय."

"तू गप. तू नव्हतास तवा."

"नव्हतो. तेच बरं झालं. या घरात मी एकटाच रातचा झोपतो."

राजकन्या फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. पंचफुलाबाईने सुनेकडे पाहिलं, पण रागावली नाही.

विशाखाने म्हातारीला पाठीच्या जखमेचा फोटो दाखवला. तो आजवर कुणी तिला दाखवला नव्हता. तिला आधी कळेना काय आहे. मग कळलं. तिने फोन परत दिला. विशाखाला परतीची गाडी होती. तिने स्पष्ट सांगितलं, आज काहीतरी ठरलं पाहिजे. नाहीतर उद्या ती ॲम्ब्युलन्स पाठवेल आणि गादीही घेऊन जाईल. तिने धमकी दिली नाही, होणार होतं तेच सांगितलं.

"मोडायचा न्हाई," अखेर पंचफुलाबाई म्हणाली.

"काढता येतो," बसवंत शेडमधून म्हणाला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"मोडायला कशाला पायजे. वरचा भार टेकूवर घ्यायचा, खालचा सोडवायचा. जन्मभर तेच केलंय म्या." मग आईकडे पाहून म्हणाला, "पण तू हो म्हण माय. तू बसवलास त्यो."

तिने हो म्हटलं नाही. उठली, आत जाऊन हळदकुंकवाचा करंडा आणला, उंबऱ्याला बोटं लावली, आणि वाटेतून बाजूला होऊन भिंतीशी बसली.

काम बसवंतने केलं, म्हणजे त्याच्या सांगण्यावरून बालाजीने. त्याला बाजेवरून आणून दारात पोटावर निजवलं, जखमेवर दाब येणार नाही असं. सेंट्रिंगच्या दोन बल्ल्या शेडमागे पडून होत्या. त्या चौकटीच्या डोक्याशी ठोकून बसवल्या. "हाणू नको, दाब," बसवंत सांगत होता. "हां. आता खालनं माती मोकळी कर. डावीकडनं. डावीकडनं म्हणालो तुला, पंक्चर काढायलास काय?" बालाजी शिव्या खात खणत होता. उंबरा सुटला तेव्हा वाजला नाही, नुसता जरासा बसला. बसवंतने हात पुढे करून त्याचं एक टोक धरलं. बालाजी दुसऱ्या टोकाने ओढू लागला तसा बसवंत म्हणाला, "ओढू नको. थांब जरा."

बालाजी थांबला. राजकन्याही थांबली. विशाखा घड्याळ पाहत नव्हती. थोड्या वेळाने बसवंतने स्वतःच पकड सोडली आणि म्हणाला, "न्या."

उंबरा त्यांनी जुन्या गावाकडच्या शेतात नेला, जिथे अण्णारावाला माती दिली होती. पंचफुलाबाई सोबत गेली. तिथे त्याचं काय केलं हे तिने सांगितलं नाही आणि बालाजीला विचारलं तर तो विषय बदलतो. दारातल्या खाचेत सिमेंट भरून घोटलं. ॲपने पहिल्या वेळी काढलेला नकाशा आता बरोबर ठरला. विशाखाला त्यात काही बदलावं लागलं नाही, आणि ही गोष्ट तिने सेंटरमध्ये कुणाला सांगितली नाही.

जखम भरायला बरेच महिने गेले. हाडाला लागली नाही. आता पंप चालू असतो, चादर चुरगळलेली असते. बसवंत सकाळी पंक्चरच्या दुकानात बसतो, ट्यूबा तपासून देतो. औशाचे जुने मुकादम कधी फोनवर एखाद्या स्लॅबचं विचारतात, तेव्हा फोटो मागवून कुठे बल्ली कमी आहे ते सांगतो. छताखाली झोप लागते का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, लागती की. राजकन्या सांगते, न्हाई लागत. पहाटेच्या आधी केव्हातरी तो खुर्चीत बसतो आणि एकटा अंगणात जातो. काही वेळ बसून परत येतो. कुणाला उठवत नाही, म्हणजे एका माणसाशिवाय.

उंबरा गेल्यापासून पंचफुलाबाई आतल्या खोलीत झोपत नाही. दार रिकामं ठेवू नये, असं ती म्हणते. सिमेंट भरलेल्या त्या जागेवर, दारात आडवं अंथरूण घालून ती निजते, डोकं एका चौकटीला, पाय दुसऱ्या. राजकन्येने सांगून पाहिलं, बालाजी भांडला, विशाखाने फोनवर समजावलं की वाट अडते. ती ऐकत नाही. बसवंत खुर्ची घेऊन तिच्यापाशी येतो आणि थांबतो.

"माय, सरक."

झोपेत असली तरी पहिल्या हाकेला तिला ऐकू येतं. ती अंथरुणासकट बाजूला सरकते. तो जाईपर्यंत सरकलेली राहते. मग परत आडवी होते, आणि तो बाहेरून यायची वाट पाहते.